थोडं पुढे ढकला

रविवार, २ मार्च. सकाळ.

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं मोठं काम हाती घेतात तेव्हा त्याच दिवशी नोंद करून ठेवतात. लहान माणसं मागाहून आठवून सांगतात आणि त्यात स्वतःला घुसवतात. माझ्या बाबतीत तो धोका आहे, कारण मला मेहुणा आहे.

मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. तलावावर पाण्यातले खेळ शिकवतो आणि तिथेच बोटघराच्या माळ्यावर राहतो. वर जायला शिडी. वर्षभर ओला आणि वर्षभर हसरा. डोक्यात विचार नसले की हसायला भरपूर वेळ मिळतो. मी त्याला मनातल्या मनात पाणकावळा म्हणतो. एकदा चुकून मोठ्याने म्हणालो होतो. त्याबद्दल ही अजून ऐकवते.

त्याच्याकडे नवं खूळ आलंय. एक आखूड बोर्ड. बोर्डाखाली कमरेएवढा दांडा. दांड्याच्या टोकाला, पाण्याखाली, विमानासारखे पंख: पुढे मोठा, मागे लहान. धक्क्यावरून पळत यायचं, बोर्ड पाण्यावर टाकायचा, त्यावर उडी घ्यायची आणि पायांनी दाबत-सोडत राहायचं. पंख पाणी कापतात, उचल घेतात आणि बोर्ड पाण्याच्या वर, चक्क हवेत चालतो. इंजिन नाही, शीड नाही, वल्हं नाही. या दाबण्या-सोडण्याला म्हणतात पंपिंग.

पंपिंग! हा शब्द पाणकावळ्याने मला समजावून सांगितला. मला! मी पंपांच्या कारखान्यात टेस्टिंग खात्याचा सुपरवायझर आहे. पंप पाणी का उचलत नाही हे शोधण्यात माझी अर्धी हयात गेली. तरी मी नुसती मान हलवली. अज्ञानी माणसाला बोलून मोकळं होऊ द्यावं.

आमच्या वरच्या मजल्यावरचा दाताचा डॉक्टरही तिथे शिकतोय. गोल माणूस. आज सगळ्यांदेखत पडला आणि वर येऊन स्वतःच हसला. स्वाभिमान नसला की बुडण्याचं दुःख होत नाही.

ठरलं. मी शिकणार. मी गावच्या विहिरीत पोहायला शिकलेला माणूस. तलाव म्हणजे माझ्यापुढे बशी.

त्याच दिवशी, जेवणानंतर.

बोर्ड घरी आला. मागच्या खोलीत दोन स्टुलांवर ठेवला आहे. फार देखणा दिसतो.

मागची खोली म्हणजे या घरातली माझी म्हणावी अशी एकमेव जागा. तिथे माझी हत्यारांची पेटी आहे, व्हाइस आहे, खिडकीशी खुर्ची आहे. सकाळी उठलो की तिथे डोळे मिटून बसतो, देवाचं नाव घेतो. तेवढा वेळ मला कोणी काही विचारत नाही. हिला ती खोली तिच्या आईसाठी हवी आहे. सासूबाई सध्या थोरल्या मुलीकडे, चौथ्या मजल्यावर. गुडघे गेलेत, जिने होत नाहीत, महिनोन्‌महिने खाली उतरल्या नाहीत. धाकट्याच्या माळ्याला शिडी. म्हणजे फिरून फिरून सगळं माझ्या खिडकीशी.

आज बोर्ड बघून हिचा आवाज चढला. म्हणाली, लाकडाच्या फळीला जागा आहे आणि माझ्या आईला नाही. मी शांतपणे सांगितलं की ती लाकडाची नाही, कार्बन फायबरची आहे. त्याने ती शांत झाली नाही.

शेवटी मीच तोडगा काढला. एप्रिलात तलावाचा खुला दिवस आहे. धक्क्यापासून पाण्यातल्या पिवळ्या पिंपाला वळसा घालून, न पडता परत यायचं. मी म्हणालो, मी तो वळसा घातला तर खोलीचा विषय कायमचा बंद. ही म्हणाली, आणि नाही घातला तर? मी म्हणालो, नाहीचा प्रश्नच येत नाही. ती म्हणाली, येईल तेव्हा आई दुसऱ्या दिवशी येईल. मी हसलो. ती हसली नाही. तिला विनोद कळत नाही.

बुधवार, ५ मार्च.

ऑफिसआधी तलाव. पाणकावळ्याने माझ्या दांड्याला एवढा मोठा पुढचा पंख लावला की गिधाडाला लाज वाटावी. मी विचारलं, हा कशाला? म्हणाला, भावोजी, शिकताना मोठाच बरा. कमी वेगातही उचलून धरतो, पंप सावकाश मारता येतो. मी म्हणालो, सावकाश कोणाला मारायचाय? शर्यतवाले वापरतात तो छोटा दे. म्हणाला, त्याला वेग लागतो, पाय भराभर चालवावे लागतात, दम निघतो. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. खोली वाचवायला निघालेल्या माणसाला हा दमाची भीती घालतो.

आज मोठ्या पंखावर काही वेळा पडलो. पंख चुकीचा असल्यामुळे.

रविवार, ९ मार्च.

छोटा पंख. आता कसं!

शिवणयंत्रासारखे पाय चालवले. क्षणभर पाण्याच्या वर गेलो. स्पष्ट जाणवलं. ही धक्क्यावर उभी होती, म्हणाली, अहो, ती उडी होती. उडी आणि उड्डाण यातला फरक समजायला थोडी शास्त्रीय बैठक लागते.

नंतर बराच वेळ धक्क्यावर उताणा पडून आकाशाचं निरीक्षण केलं. ढग होते.

डॉक्टर तोच मोठा पंख लावून, म्हैस चिखलातून उठावी तसा सावकाश दाब, सोड, दाब, सोड करत बांधलेल्या बोटीपर्यंत गेला. मी त्याला विचारलं, तुम्ही मागच्या पंखाचा कोन किती ठेवलाय? म्हणाला, मागे पण पंख असतो का? आणि हा माणूस लोकांच्या तोंडात यंत्र घालतो.

बुधवार, १२ मार्च.

जेवणाच्या सुट्टीत टेस्टिंग खात्याला पंपिंगची थिअरी सांगितली. फळ्यावर आकृती काढली. पंपात हवा शिरली की पंप पाणी सोडतो; पंख पाण्याबाहेर आला, हवा शिरली, की तोही पाणी सोडतो. म्हणजे मूळ विषय एकच. म्हणजे मूळ विषय माझा. सगळे स्तब्ध झाले. दोघांना झोप लागली, पण स्तब्ध होऊनच.

स्टोअरकीपर हा आमच्या खात्यातला वात्रट माणूस. म्हणाला, साहेब, एवढा पंप तुम्हाला मारला कोणी? सगळे हसले. पंप मारणे म्हणजे हवा भरणे, चढवणे, असा ग्राम्य अर्थ त्याने घेतला. शब्दांशी खेळणं हे रिकाम्या मनाचं लक्षण आहे. मी त्याच तिरमिरीत अख्ख्या खात्याला खुल्या दिवसाचं आमंत्रण देऊन टाकलं.

रविवार, १६ मार्च.

पडलो. पाणी गार.

सोमवार, १७ मार्च.

चिंतनातून शोध लागला. दोष मागच्या पंखात. तो किंचित तिरपा केला तर बोर्ड आपणहून वर उठेल, मग पायांना काम किती उरलं? पंख आणि त्याच्या बैठकीच्या मध्ये पातळ पाचर बसवायची, बस्स. हिच्या डब्याचं झाकण कापून पाचर तयार केली. झाकण जुनं होतं. ही म्हणते नवं होतं.

आजवर या घरात माझ्या प्रत्येक बेताला दुसऱ्यांनी पाचर मारली. आज मी स्वतः मारली.

शनिवार, २२ मार्च.

पाचरीचा परिणाम शंभर टक्के. बोर्ड वर उठला. इतका उठला की दोर तुटलेल्या खोंडासारखा उसळला आणि मला मागच्या मागे फेकून एकटाच पुढे गेला. यंत्रणा सिद्ध झाली आहे. फक्त तिच्यावर माणूस टिकवायचा आहे.

पाणकावळा माझा बोर्ड घेऊन पोहत आला. म्हणाला, भावोजी, पाचर काढा. सामान नंतर बघू, आधी पाय बघू. तुम्ही मागच्या पायावर बसताय. पुढच्या पायावर या, दाब द्या, बोर्डाने वेग घेतला की हलके व्हा. सोडून द्या. घट्ट धरून पंप होत नाही.

हलके व्हा! सोडून द्या! ज्याने आयुष्यात काही धरलं नाही तो मला सोडायला सांगतो.

रविवार, २३ मार्च. पहाटे, मागच्या खोलीत.

त्याचं वाक्य मात्र डोक्यातून जात नाही. दाब द्यावा आणि सोडून द्यावं. खरं तर सगळी भक्ती यातच आली. आपलं काम करावं, भार त्याच्यावर टाकावा आणि हलकं व्हावं. आपण धरून ठेवतो म्हणून बुडतो. मान, जागा, माझं-माझं म्हणणं, या सगळ्याचं ओझं किती! खिडकीतून ऊन येत होतं. डोळे भरून आले.

ही दारात येऊन उभी राहिली. हातात माप घ्यायची टेप. म्हणाली, जरा सरका, पलंग कुठल्या भिंतीला मावतो ते बघते. मी म्हणालो, खोलीला हात लावायचा नाही.

बुधवार, २६ मार्च.

पाचर काढायची नाही. त्याने सांगितलं म्हणून तर अजिबात नाही. दुसरा उपाय मी शोधला.

बोर्डाच्या पोटाला दोन लांब खाचा आहेत. दांड्याची बैठक त्यात सरकते. बोल्ट सैल करायचे, दांडा हवा तिथे सरकवायचा, बोल्ट आवळायचे. दांडा पुढे घेतला की बोर्डाचं नाक वर उठतं, मागे घेतला की खाली बसतं. माझं नाक नको तितकं वर उठत होतं (बोर्डाचं). म्हणून दांडा पार मागच्या टोकाला नेला.

आणि गेलो!

खरंच गेलो. घाई न करता, थोडी मोठ्या पंखाची उसनवारी करून (डॉक्टरने आग्रह केला, मन मोडवेना). दाब, सोड. दाब, सोड. बोर्डाखालचा खळखळाट अचानक थांबला. पाणी खाली राहिलं. कानांत काही नव्हतं, शाळा सुटल्यावर वर्गात असते तशी शांतता. मी कोणाचाच राग करत नव्हतो. बांधलेल्या बोटीच्याही पुढे गेलो असेन. मग हे आठवलं की मी जातोय, आणि पडलो.

पाणकावळा धक्क्यावरून ओरडला, जमलं की, भावोजी! जसं काही त्याने जमवलं.

रविवार, ३० मार्च.

आता मी नवशिका राहिलो नाही. पाचर ही शिकाऊंची कुबडी. काढून मागच्या खोलीच्या कोपऱ्यात फेकली. म्हणजे पाणकावळ्याचं ऐकलं असं नाही. त्याचं कारण वेगळं होतं आणि माझं वेगळं आहे.

मोठा पंख ठेवला आहे. डॉक्टरला वाईट वाटू नये म्हणून.

आजपासून बोर्ड नाक खुपसायला लागलाय. उडी घेतली की सरळ पाण्यात तोंड घालतो, आणि पाठोपाठ मी. पाणी बदललं असावं. उन्हाळ्यात पाणी पातळ होतं.

शनिवार, ५ एप्रिल.

पुन्हा नाक. पुन्हा मी. जो दांडा गेल्या आठवड्यात मला घेऊन गेला, त्याच जागी आहे, सूतभरही हलवलेला नाही. म्हणजे माझ्याकडून चूक नाही. कोणीतरी बोल्टला हात लावला असणार. पाणकावळ्याचा यात स्पष्ट स्वार्थ दिसतो: आई माझ्या खोलीत आली की तो मोकळा. पंधरवडाभर माझ्या पायांकडे बघत होता तो उगाच नाही.

सासूबाईंचा फोन. जावईबापू, खोलीत सकाळचं ऊन येतं ना? चौथ्या मजल्यावर राहून ऊन बघितलं नाही हो, समोर नुसती भिंत. मी म्हणालो, येतं, पण आत्ता तिथे बोर्ड असतो. त्या म्हणाल्या, असू दे की, मी काय त्याला चावणार आहे? म्हातारी फार धूर्त आहे.

मंगळवार, ८ एप्रिल.

गुडघा दुखतो. डॉक्टर पिंपाला वळसा घालून आला. दाताच्या डॉक्टरला गुडघा नसावा.

देवाकडे मी कधी काही मागत नाही. आजही मागितलं नाही. फक्त त्याला सांगितलं की रविवारी डॉक्टर पडला तर मला विशेष वाईट वाटणार नाही.

शुक्रवार, ११ एप्रिल.

सराव. नाक. नाक. नाक. शेवटच्या वेळी जाम हसू आलं, पण ते धक्क्यावरच्या लोकांना.

हिने पडदे आणले आहेत. पिवळे. पिंपासारखे.

शनिवार, १२ एप्रिल. दुपार.

ही सकाळीच बहिणीकडे गेली. उद्या आईला घेऊन थेट तलावावर येणार. चौथ्या मजल्यावरून खुर्चीत बसवून उतरवणार म्हणे. एवढा खटाटोप माझी फजिती बघायला. घर रिकामं. मागच्या खोलीत बसलो. नाव घेतलं. मन लागलं नाही.

लिहायला हरकत नाही, कोणी वाचणार नाही: उद्याचा दिवस येऊ नये असं वाटतंय. तयारी नाही म्हणून नव्हे. तयारी भरपूर आहे. परिस्थिती नाही.

मोठेपणा गिळला आणि पाणकावळ्याला मेसेज केला: उद्याचं काय? बोर्ड नाक खुपसतोय.

तासाभराने.

उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवतो: थोडं पुढे ढकला.

देवा! पुढे ढकललं! कार्यक्रम पुढे ढकलला!

मी तिथल्या तिथे हात जोडले. काहीच मागितलं नव्हतं तरी ऐकलंस.

थोडं म्हणजे किती ते लिहिलेलं नाही. आठवडा? पंधरवडा? या माणसाला नेमकं बोलता येत नाही. शिवाय ‘ढकला’ काय? ‘ढकललं’ हवं. क्रियापदं चालवता येत नाहीत आणि लोकांना बोर्ड चालवायला शिकवतो. पण आज सगळं माफ. ‘ठीक’ एवढंच उत्तर पाठवलं. मोठ्या माणसाने आनंद दाखवू नये.

टेस्टिंग खात्याच्या ग्रुपवर कळवलं: कार्यक्रम पुढे. निराश होऊ नये. स्टोअरकीपरने अंगठा पाठवला. अंगठाच तो.

हिला कळवलं नाही. आईला खुर्चीतून खाली उतरवू दे. तेवढीच तिला हवा.

आता वेळच वेळ आहे. निश्चय: रोज सराव, पहाटे व्यायाम, गोड बंद. सोमवारपासून.

रविवार, १३ एप्रिल. सकाळ.

उशिरा उठलो. अंघोळ सावकाश. भरपेट खाल्लं, वर पुन्हा थोडं गोड खाल्लं, सोमवारपासून बंद असल्यामुळे. खिडकीशी खुर्ची ओढली. ऊन सुरेख. बोर्ड स्टुलांवर चकाकतोय. मन अगदी हलकं. पाणकावळा म्हणतो ते हलकं होणं हेच असेल तर मला ते जमलंय.

फोन वाजतोय. वाजू दे.

त्याच दिवशी, संध्याकाळ. अंथरुणात.

खरी हकीकत नोंदवणं माझं कर्तव्य आहे, कारण उद्यापासून शहरभर खोटी फिरेल.

फोन हिचा होता. म्हणाली, अहो, आहात कुठे? तुमचं नाव किती वेळा पुकारलं! मी म्हणालो, कार्यक्रम पुढे ढकललाय. ती म्हणाली, कोणी सांगितलं? मी म्हणालो, तुझ्याच भावाने, लेखी. मग फोनमधून भोंग्याचा आवाज आला, टाळ्या आल्या आणि डॉक्टरचं नाव आलं.

बोर्ड डोक्यावर घेऊन कसा पोचलो ते मला माहीत नाही. पोटात दोन वेळचं खाणं. धक्क्यावर सगळे. सासूबाई खुर्चीत, डोक्यावर छत्री. चेहरा उन्हाकडे करून बसल्या होत्या, माझ्याकडे नाही. टेस्टिंग खातं पूर्ण हजर. स्टोअरकीपर म्हणाला, साहेब, तुमचा मेसेज आला तेव्हाच ठरवलं, आता तर जायलाच हवं.

पाणकावळा धावत आला. म्हणाला, भावोजी, ढकललंत ना पुढे? माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, मी कशाला ढकलू? ढकलायचा अधिकार तुम्हा लोकांचा! तो काही विचारणार तेवढ्यात माझं नाव पुन्हा पुकारलं गेलं.

पळालो. धक्का संपला. उडी अचूक होती. दोन्ही पाय जागेवर. मग बोर्डाने नाक खुपसलं आणि मी त्याच्यावरून, हात पुढे केलेल्या अवस्थेत, पिवळ्या पिंपाच्या दिशेने गेलो. पिंपाच्या दिशेने हे नोंदवून ठेवतो. पोचलो नाही.

वर आलो तेव्हा सासूबाई म्हणत होत्या, जावईबापू, अंघोळ करूनच यायचं होतं घरून. मी करूनच आलो होतो.

पुढचं लिहायचं की नाही असा विचार केला. लिहितो.

डॉक्टरने सकाळीच वळसा पूर्ण केला होता. तो माझ्या बोर्डाकडे बघून म्हणाला, छान आहे हो, मी एकदा जाऊन बघू का यावर? पाणकावळ्याने बोर्ड उलटा केला, पाना घेतला, बोल्ट सैल केले, दांडा चार बोटं पुढे ढकलला, बोल्ट आवळले. बोलता बोलता म्हणाला, हेच तर काल लिहिलं होतं मी. पाचर काढलीत, मग दांडाही पुढे घ्यायला हवा ना. मागे राहिला की नाक बुडणारच. थोडं पुढे ढकला म्हणून लिहिलं, तुम्ही ठीक म्हणालात.

डॉक्टर माझ्या बोर्डावर पिंपाला वळसा घालून आला. जाताना हात हलवला.

स्टोअरकीपर म्हणाला, म्हणजे साहेब, दांडा पुढे ढकलायचा होता आणि तुम्ही रविवार ढकललात. त्यानंतर जे हसले त्यांची नावं माझ्या लक्षात आहेत. ही पण.

दोष भाषेचा आहे. बोल्टला एक क्रियापद आणि कार्यक्रमाला दुसरं, एवढी साधी सोय पूर्वजांनी करून ठेवली नाही आणि मी त्याची फळं भोगतो आहे.

हसणं ओसरल्यावर ही माझ्याजवळ आली. टॉवेल खांद्यावर टाकला. हळू आवाजात म्हणाली, अहो, आता सगळं नीट बसवलंय. दिवस संपलेला नाही. जा की एकदा. गेलात तर गेलात, मी खोलीचं काही बोलणार नाही. पाणकावळाही म्हणाला, भावोजी, त्या दिवशी गेला होतात तसेच. मी बघितलंय, तुम्हाला येतं.

बोर्ड धक्क्यावर होता. दांडा योग्य जागी. पंख योग्य. पाचर नाही. वारा नाही, पाणी स्वच्छ. बराच वेळ शोधलं, पण त्यात चुकीचं असं काही सापडेना.

मी म्हणालो, आता नको. दुसऱ्याच्या मापाने बसवलेल्या सामानावर मी जात नाही.

हिने नुसतं बघितलं. मग आईची खुर्ची उन्हाकडे थोडी सरकवायला गेली.

सोमवार, १४ एप्रिल.

सासूबाई आल्या. ऑफिसला रजा. गुडघा. त्यांचा नव्हे, माझा.

मंगळवार, १५ एप्रिल.

व्हाइस आणि हत्यारांची पेटी बाल्कनीत. मी पण.

पहाटे बाल्कनीत डोळे मिटून बसलो. समोरच्या इमारतीतल्या बाईने विचारलं, बरं वाटत नाही का?

रविवार, २० एप्रिल.

दांडा आणि पंख डॉक्टर घेऊन गेला. म्हणाला, तुम्ही वापरत नाही तोवर. मी म्हणालो, खुशाल. त्याला मागच्या पंखाचा कोन समजावून सांगायला लागलो तर म्हणाला, मागे पंख असतो हे मला आता माहीत आहे. माझ्यामुळेच.

नुसता बोर्ड राहिला आहे. निश्चय: पुढच्या रविवारपासून पुन्हा सराव. पूर्ण नवीन पद्धतीने. आधी पाय. हे माझं स्वतःचं मत आहे.

रविवार, २७ एप्रिल. सकाळ.

पहाटे उठलो. दात घासले, बोर्ड आणायला मागच्या खोलीत गेलो. स्टुलं मोकळी.

बोर्ड भिंतीवर होता. खिडकीशेजारी, माझी खुर्ची असायची तिथे, खाली दोन ब्रॅकेट, वर बोर्ड, अगदी समपातळीत. काल पाणकावळा येऊन ठोकून गेला म्हणे. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, एवढी सुरेख फळी, पडून कशाला ठेवायची? मला वाकता येत नाही, बसता येत नाही. आता उभ्याने नाव घेता येतं.

बोर्डावर त्यांची देवाची तसबीर. समोर एक दिवा. डब्याच्या पिवळ्या झाकणाचा एक तुकडा दुमडून तसबिरीखाली सरकवला होता, मागे कलू नये म्हणून. माझी पाचर. मापात बसली होती.

ऊन थेट तसबिरीवर येत होतं. सासूबाई डोळे मिटून उभ्या होत्या. मला बोर्ड काढून घेता आला असता. हात पुढेही केला होता. देव हलवून तळ्यावर कसा जाऊ?

एक डोळा उघडून त्या म्हणाल्या, आलाच आहात तर दिवा जरा मागे घ्या.

घेतला.

ज्याच्यावर उभं राहायचं म्हणून एवढं केलं, त्याच्यापुढे आता रोज सकाळी हात जोडून उभं राहावं लागतं.

सराव थोडा पुढे ढकलला आहे.